बाबांचा जनरलचा डबा आणि स्पेनची तिकिटं

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही स्पेनला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, बायको आणि आई-बाबा. कामं वाटून घेतली होती. हॉटेलं बायकोकडे, चिवडा-लाडू आईकडे आणि गाड्यांची तिकिटं माझ्याकडे. सॉफ्टवेअरवाल्याला जे जे ऑनलाइन असतं ते ते आपोआप येतं असा आमच्या घरात एक गोड समज आहे. बाबांकडे काहीच काम नव्हतं, म्हणून ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

बाबांविषयी थोडं सांगायला हवं. ते बँकेत होते, रेल्वेशी नोकरीचा काही संबंध नाही. पण रेल्वेचं टाइमटेबल हे त्यांचं लाडकं वाचन. सुट्टीत गावाला जायचं म्हटलं की पहाटे उठून रिझर्वेशनच्या रांगेत उभं राहायचं, सोबत वर्तमानपत्र आणि थर्मास, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. त्यामुळे पहिला प्रश्न आला तो असा, "तिकडे रिझर्वेशन किती दिवस आधी उघडतं?"

आपल्याकडे १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस, त्याआधी एकशेवीस. रोज सकाळी काटा एक दिवस पुढे सरकतो. स्पेनमध्ये असा काटा नाही. युरोपात रेल्वेची वेळापत्रकं डिसेंबर आणि जूनच्या मध्याच्या सुमारास बदलतात, आणि त्या हिशेबाने तिथे बरेचदा कित्येक महिन्यांची तिकिटं एकदम विक्रीला येतात. तोपर्यंत वाट बघायची. बाबांना हा प्रकार बेशिस्त वाटला, पण त्यांनी चालवून घेतलं.

खरी गंमत पुढे झाली. सोमवारी मी माद्रिद ते बार्सेलोना गाडी बघून ठेवली. म्हटलं, आरामात काढू. (हा 'आरामात' शब्द मला आयुष्यात बर्‍याच वेळा महाग पडलाय.) गुरुवारी रात्री परत बघतो, तर भाडं वाढलेलं. बाबांनी चष्मा वर केला.

"अंतर तेच, गाडी तीच, खुर्ची तीच. मग भाडं वेगळं कसं?"

"डायनॅमिक प्रायसिंग असतं बाबा. विमानासारखं."

"पण ही आगगाडी आहे ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिकिटं काढून झाली, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग तीन-चार वीकेंड वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते हे.

सुरुवात अगदी पहिल्या गाडीपासून करू. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची, हे आपल्याला शाळेपासून पाठ. स्पेनमधली पहिली गाडी धावली २८ ऑक्टोबर १८४८ रोजी, बार्सेलोना ते मातारो. म्हणजे साहेबाच्या वसाहतीपेक्षा युरोपातला एक जुना साम्राज्यवाला देश जेमतेम साडेचार वर्षं पुढे. त्याहून मजा म्हणजे स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबामध्ये रेल्वे १८३७ सालीच आली होती. हवानाच्या आसपासची साखर बंदरापर्यंत न्यायची होती ना! मालकाच्या घरी मात्र अकरा वर्षांनी.

हे रूळ किती रुंद ठेवायचे, याचा निर्णय त्याआधीच, १८४४ मध्ये, सरकारी इंजिनिअरांच्या एका समितीने दिला होता. तिने रुंदी सुचवली सहा कास्तिलियन फूट, म्हणजे सुमारे १६७२ मिलिमीटर. फ्रान्समध्ये १४३५. फ्रेंच सैन्याला रेल्वेतून थेट घुसता येऊ नये म्हणून असं केलं, ही कथा तुम्हाला जागोजागी ऐकायला मिळेल. पण समितीच्या अहवालातली कारणं इंजिनिअरिंगची आहेत. देश डोंगराळ, चढ फार, तर इंजिन दणकट हवं. इंजिन दणकट तर बॉयलर मोठा, आणि बॉयलर मोठा तर रूळ रुंद. बस्स. (युद्धाची गोष्ट जास्त चविष्ट आहे, म्हणून तीच टिकली.)

आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे. फरक चार मिलिमीटर! पुढे पोर्तुगालच्या रुळांशी मेळ घालताना स्पेनचा गेज १६६८ वर स्थिरावला, तेव्हा फरक झाला आठ. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना एखादा लांबचा चुलतभाऊ सापडल्याचा आनंद झाला. २०१६ साली ताल्गो या स्पॅनिश कंपनीचे डबे बोटीने मुंबईत आले होते आणि आपल्या इंजिनामागे दिल्ली-मुंबई चाचणीत बारा तासांच्या आत पोचले होते, ते बाबांच्या पक्कं लक्षात होतं. पुढे त्याचं काही झालं नाही, हेही.

तर रूळ रुंद झाले, पण त्याचा परिणाम असा, की फ्रान्सच्या सीमेवर सगळ्यांना उतरून गाडी बदलावी लागायची. स्पेन युरोपच्या जाळ्यातून थोडा बाजूला पडला. देशातलं जाळं विणलं गेलं १८५५ च्या रेल्वे कायद्यानंतर, तेही मुख्यतः फ्रेंच पैशांवर. एका मोठ्या कंपनीमागे रॉथ्सचाइल्ड, दुसरीमागे पेरेर बंधू. सगळे मुख्य मार्ग माद्रिदमधून निघाले, सायकलच्या चाकातल्या आर्‍यांसारखे. रूळ भराभर पडले, पण त्यावरून जायला पुरेसा माल आणि पुरेशी माणसं नव्हती. १८६६ च्या आर्थिक संकटात कंपन्या अक्षरशः टेकीला आल्या.

या जुन्या काळातलं भाडं कसं ठरायचं? अंतर गुणिले दर. पहिल्या वर्गाचा एक दर, दुसर्‍याचा एक, तिसर्‍याचा एक. बाबांना मान्य असलेलं गणित. लंडन असो, ठाणे असो की मातारो, रेल्वेचं मूळ वचन हेच होतं. खिडकीशी या, अंतराचे पैसे द्या, गाडीत चढा. तुम्ही कोण, कधी ठरवलंत, किती गरजू आहात याच्याशी खिडकीला देणंघेणं नाही.

आगाऊ पैसे भरायची सोय तेव्हाही होती, पण तिचा अर्थ निराळा. शंभरएक वर्षांपूर्वी स्पेनमध्ये फिरणार्‍यांसाठी 'किलोमीत्रिको' नावाची कुपनांची पुस्तिका मिळायची. ठरावीक किलोमीटर एकदम विकत घ्यायचे, पुस्तिकेवर आपला फोटो लावायचा, आणि प्रवास होईल तशी कुपनं फाडून द्यायची. आपल्या प्रीपेड मोबाईलसारखंच. म्हणजे तुम्ही आगाऊ घेत होता ते अंतर. तारीख नाही, गाडी नाही, खुर्ची नाही. वाटलं तर मंगळवारी जा, वाटलं तर पुढच्या महिन्यात.

आता उडी मारून यादवी युद्धानंतर येऊ. १९३६ ते ३९ च्या युद्धात रूळ, पूल, इंजिनं सगळ्याचीच धूळधाण झाली. जानेवारी १९४१ मध्ये फ्रँकोच्या सरकारने रुंद गेजच्या सगळ्या कंपन्या ताब्यात घेऊन एक सरकारी संस्था केली. तिचं नाव रेन्फे. पैसा नाही, कोळसा नाही, गाड्या जुन्या. तरी त्यातच गोइकोएचेआ नावाच्या इंजिनिअरने हलक्या, बुटक्या, जोडलेल्या डब्यांची ताल्गो गाडी बनवली. १९६९ मध्ये ताल्गोचीच चाकांमधलं अंतर बदलू शकणारी गाडी बार्सेलोनाहून थेट जिनिव्हाला जायला लागली. डबे एका खास रुळावरून हळूहळू सरकतात आणि चाकं आपोआप जवळ येतात. माणसं आत बसलेलीच. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाला काढलेला हा वर्कअराउंड आहे, आणि आमच्या धंद्यातल्या कुणालाही तो बघून भरून येईल.

पण असे चमत्कार सोडले, तर एकूण रेल्वे मागेच पडत गेली. लोक मोटारीकडे, बसकडे, विमानाकडे वळले. १ जानेवारी १९८५ ला सरकारने तोट्यातले सुमारे ९०० किलोमीटरचे मार्ग एका फटक्यात बंद केले. पश्चिमेकडचा, पोर्तुगालला समांतर जाणारा प्लासेन्सिया-आस्तोर्गा मार्ग त्यातच गेला. आर्‍या राहिल्या, आर्‍यांना जोडणारं वर्तुळ तुटलं.

गिर्‍हाईक परत यावं म्हणून रेन्फेने ऐंशीच्या दशकात 'निळे दिवस' आणले. कॅलेंडरवर काही तारखा निळ्या. त्या दिवशी सवलत. सणावारी, सुट्टीच्या आदल्या दिवशी सवलत नाही. किती साधी गोष्ट! पण मला वाटतं अंतराच्या गणिताला इथे पहिली फट पडली. भाडं 'किती लांब' यासोबत 'कधी' यावरही ठरायला लागलं. फक्त हा 'कधी' सगळ्यांना सारखा होता, आणि छापील होता. कॅलेंडर भिंतीवर लावा आणि बघा.

मग आलं १९९२. कोलंबसाच्या सफरीला ५०० वर्षं, बार्सेलोनाला ऑलिंपिक, सेव्हिलला जागतिक प्रदर्शन. २० एप्रिलला प्रदर्शन उघडलं आणि २१ एप्रिलला माद्रिद-सेव्हिल अतिजलद गाडी प्रवाशांना घेऊन धावली. ४७१ किलोमीटर. तिचं नाव आवे. स्पॅनिशमध्ये आवे म्हणजे पक्षी, आणि ती 'स्पॅनिश अतिजलद' या शब्दांची आद्याक्षरंही आहेत. माद्रिदच्या जुन्या अतोचा स्टेशनच्या लोखंडी मांडवाखाली त्यांनी चक्क उष्ण प्रदेशातल्या झाडांची बाग केली आणि नव्या गाड्यांसाठी मागे नवं स्टेशन बांधलं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र रुळांची. डिसेंबर १९८८ मध्ये सरकारने ठरवलं, की अतिजलद मार्ग रुंद गेजचे नाहीत, युरोपसारखे १४३५ चे करायचे. म्हणजे जुन्या रेल्वेला मजबूत करण्याऐवजी शेजारी दुसरी नवी रेल्वे बांधायला घेतली. रूळ वेगळे, गाड्या वेगळ्या, आणि तिकिटंही वेगळी. आवेमध्ये तिकीट म्हणजेच जागा. उभं राहून जाणं नाही, 'बघू, आत गेल्यावर टीसीशी बोलू' नाही. सुरुवातीपासून तिथल्या गाड्यांना तीन पायर्‍यांचं भाडं होतं, आणि पायर्‍यांची नावं मस्त होती. दरी, मैदान आणि शिखर. गर्दीच्या वेळची गाडी शिखर, दुपारची रिकामी गाडी दरी. १९९४ पासून रेन्फेने या मार्गावर पाच मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर पूर्ण पैसे परत देण्याची हमी दिली. (बाबा: "पाच मिनिटं? आपल्याकडे त्याला वेळेवर म्हणतात.") ही अट पुढे सैल होत गेली आणि जुलै २०२४ मध्ये तर पूर्ण परताव्यासाठी दीड तासाचा उशीर लागेल असं रेन्फेने ठरवलं. पण १९९४ मध्ये त्या एका हमीने रेन्फेची प्रतिमा पार बदलून टाकली.

इथपर्यंतसुद्धा भाडं छापील होतं. रोज बदलणारं भाडं आलं ते विमानातून, आणि ही गोष्ट आमच्या खात्यातली आहे, म्हणून जरा रंगून सांगतो.

१९५३ साली अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ विमानात बसले होते. शेजारी बसला होता आयबीएमचा एक विक्रेता, आडनाव तेही स्मिथ. गप्पा निघाल्या त्या खुर्च्यांच्या. कुठल्या विमानात किती जागा विकल्या, हे तेव्हा कार्डांवर आणि फोनवर सांभाळायचे. त्या गप्पांतून साठच्या दशकात 'सेबर' ही संगणकीय आरक्षणाची यंत्रणा उभी राहिली. आधी प्रश्न फक्त मोजणीचा होता. पण मोजता यायला लागलं की माणूस हिशेब करायला लागतो.

१९७२ मध्ये ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीमधल्या केन लिटलवूड यांनी तो हिशेब मांडला. समजा एक खुर्ची उरलीय. आज कुणीतरी ती स्वस्तात मागतोय. उद्या कदाचित घाईतला कुणी येईल आणि पूर्ण भाडं देईल. मग आज विकायची का? नियम सोपा आहे. पूर्ण भाडं गुणिले 'तो माणूस येण्याची शक्यता' हा आकडा आजच्या स्वस्त भाड्यापेक्षा मोठा असेल, तर विकू नका, थांबा. झालं. आज जगातली बहुतेक बदलती भाडी या एका ओळीची नातवंडं आहेत. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने हेच मोठ्या प्रमाणावर करून स्वस्त भाड्यांच्या नव्या कंपन्यांना घाम फोडला.

नीट बघा, या सूत्रात अंतर कुठेच नाही. गाडीचा खर्चही नाही. आहे ती फक्त उशिरा येणारा एक माणूस येईल का, याची अटकळ. खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते, आणि किंमतही त्याच्याच नावाने लावलेली असते.

हे रेल्वेत आणलं फ्रेंचांनी. १९९३ मध्ये फ्रेंच रेल्वेने सेबरवर आधारलेली 'सोक्रात' नावाची यंत्रणा सुरू केली. सुरुवातीला तिचा इतका गोंधळ झाला, की प्रवासी आणि कर्मचारी दोघेही रस्त्यावर आले. लोकांचा राग नुसत्या बिघाडावर नव्हता. रेल्वेला विमान का करताय, हाच त्यांचा प्रश्न होता. म्हणजे बाबांचाच प्रश्न, फक्त तीस वर्षं आधी आणि फ्रेंचमध्ये!

स्पेनमध्ये हे वारं पुरतं शिरलं ते माद्रिद-बार्सेलोना मार्गावर. इथे एक विनोद आहे. या दोन शहरांमध्ये १९७४ पासून इबेरियाची 'हवाई पूल' नावाची विमानसेवा होती आणि तिचं वैशिष्ट्य काय, तर रिझर्वेशनची गरज नाही! विमानतळावर जा, मिळेल त्या पुढच्या विमानात बसा. एसटीसारखं. २० फेब्रुवारी २००८ ला या मार्गावर आवे सुरू झाली आणि काही वर्षांतच विमानाचे बहुतेक प्रवासी तिने ओढून घेतले. म्हणजे विमान गाडीसारखं वागत होतं, ते मागे पडलं. आणि गाडी विमानासारखी वागायला लागली.

फेब्रुवारी २०१३ मध्ये रेन्फेने भाड्यांची नवी पद्धत आणली. लवकर घ्याल तर मोठी सूट, पण बदल नाही, परतावा नाही. मंदीचे दिवस होते, गाड्या अर्ध्या रिकाम्या जात होत्या, त्या भरायला लागल्या. मग युरोपियन कायद्याने रुळांवरची मक्तेदारी संपवली. १० मे २०२१ ला विगो या फ्रेंच रेल्वेच्या कंपनीची दुमजली गाडी माद्रिद-बार्सेलोना धावली. जूनमध्ये रेन्फेने तिला टक्कर द्यायला स्वतःचीच स्वस्त गाडी काढली, आव्लो. नोव्हेंबर २०२२ मध्ये इटालियन रेल्वेची भागीदारी असलेली लाल रंगाची इर्यो आली. भाडी घसरली, प्रवासी वाढले. आज स्पेनचं अतिजलद जाळं सुमारे ४,००० किलोमीटरचं आहे. चीननंतर जगात दुसरं. महिनाभर आधी तिकीट काढणार्‍या माणसासाठी हा सुवर्णकाळ आहे, हे मी माझ्या एक्सेल शीटवर हात ठेवून सांगतो.

तर अशी ही आमची सहल. माद्रिद, कॉर्दोबा, सेव्हिल, ग्रनादा, बार्सेलोना. अतोचाला सामान एक्स-रे यंत्रातून गेलं, तेव्हा आईने विचारलं, इथे कशाला? मी ११ मार्च २००४ ची गोष्ट सांगितली. सकाळच्या चार लोकल, दहा बाँब, १९० हून जास्त माणसं गेली. त्यातले कितीतरी अतोचातच. आई काही बोलली नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी तिचा भाऊ मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये होता. तो वाचला. आम्ही रांगेत पुढे सरकलो.

आणि मग फलाटावर बाबांनी तो प्रश्न विचारला. गाडी इकडून तिकडे न्याहाळून झाल्यावर म्हणाले, "यात जनरलचा डबा कुठेय?"

हा प्रश्न का, ते मला माहीत आहे. १९८६ च्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या शेजारी ट्रंककॉल आला. वर्ध्याला आजोबा अत्यवस्थ होते. बाबांनी शर्ट चढवला, खिशात असतील नसतील तेवढे पैसे घेतले आणि पुणे स्टेशन गाठलं. खिडकीवर वर्ध्याचं तिकीट काढलं. भाडं नेहमीचंच. जनरलच्या डब्यात दाराशी, एका ट्रंकेवर बसून, मनमाड-भुसावळ करत दुसर्‍या दिवशी पोचले. आजोबा त्या संध्याकाळी गेले. बाबा तिथे होते. ही गोष्ट ते क्वचित सांगतात, आणि सांगताना नेहमी एक वाक्य असतं, "गाडीत शिरायला मिळालं, बाकी काय हवं होतं?"

स्पेनच्या त्या गाडीत जनरलचा डबा नाही. पण 'नाही' एवढंच उत्तर दिलं तर ते अर्धवट होईल. स्पेनमध्ये गाड्यांचे दोन भाग आहेत. आवे, विगो, इर्यो वगैरे व्यापारी गाड्या. त्यांचं भाडं वरखाली होतं. आणि दुसर्‍या, सरकार ज्यांचा तोटा भरून देतं त्या लोकसेवेच्या गाड्या. शहरांच्या लोकल, मध्यम पल्ल्याच्या गाड्या आणि काही छोटे अतिजलद मार्गसुद्धा. माद्रिद-टोलेडो हा त्यातलाच. इथे भाडं ठरलेलं. आज काढा, महिनाभर आधी काढा, तेवढंच. जाणार्‍यांना म्हणूनच माझा सल्ला असतो, की लांबच्या व्यापारी गाड्या आधी पक्क्या करा आणि लोकलची काळजी सोडा. टोलेडोचं भाडं वाढत नाही, पण खुर्च्या संपतात, तेवढं बघा.

म्हणजे जनरलचा डबा आहे, पण तो वेगळ्या गाडीला लावलाय, आणि ती गाडी सगळीकडे जात नाही. ज्या मार्गावर जुनी गाडी उरली नाही, किंवा उरलीय पण अख्खा दिवस घेते, तिथे घाईतल्या माणसाला महागडी खुर्ची हाच रस्ता.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर बाबांच्या भावनेत वाहून गेल्यासारखं होईल. १ सप्टेंबर २०२२ पासून स्पेनने लोकल आणि मध्यम पल्ल्याच्या गाड्यांसाठी जवळपास मोफत पास दिले. दहा किंवा वीस युरो अनामत, चार महिन्यांत सोळा फेर्‍या केल्या की तेही परत. हेतू उत्तमच. पण मध्यम पल्ल्याच्या गाड्यांना जागा राखावी लागते, आणि फुकट म्हटल्यावर लोकांनी दोन-दोन गाड्यांत जागा धरून ठेवल्या. गाडी कागदावर फुल्ल, आत खुर्च्या रिकाम्या, आणि खरोखर जाणारा माणूस फलाटावर. अखेर जागा धरून न येणार्‍यांवर बडगा उगारावा लागला. ठरलेलं भाडं आपोआप न्याय्य नसतं. ते रांगेत पहिल्या असलेल्याला न्याय्य असतं.

आणि आपण तरी कुठे फार वेगळे आहोत? १९९७ मध्ये आपल्याकडे तत्काळ आलं. म्हणजे उशिरा येणार्‍याची जागा राखून ठेवा आणि जादा पैसे घ्या. लिटलवूडसाहेबांची मराठमोळी आवृत्तीच म्हणा ना. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी, दुरांतोला फ्लेक्सी भाडं आलं. दर दहा टक्के जागा विकल्या की भाडं दहा टक्के वर, एका मर्यादेपर्यंत. वंदे भारतला तर जनरलचा डबा नाहीच.

सेव्हिलहून माद्रिदला परतताना माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, आईच्या वयाच्या. पायाशी कापडी पिशवी, बाकी सामान नाही. बायकोला थोडं स्पॅनिश येतं, तिच्याशी त्यांचं बोलणं झालं. भाऊ माद्रिदला दवाखान्यात होता. पहाटे फोन आला होता, तिकीट त्यांनी स्टेशनवर येताना मोबाईलवर काढलेलं. किती पडलं, तेही त्यांनी आपणहून सांगितलं. माझ्या तिकिटाच्या जवळजवळ तिप्पट. खुर्च्या शेजारी-शेजारी, अगदी तोच वेग, तीच खिडकी. मी महिनाभर आधी आरामात ठरवलं होतं, कारण मी मौजेला आलो होतो. त्यांना ठरवायला वेळच नव्हता, कारण त्या गरजेने निघाल्या होत्या. सूत्राने आम्हा दोघांना अगदी बरोबर ओळखलं होतं.

मी हे बाबांना हळूच सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. ते खूप वेळ बाहेरची ऑलिव्हची झाडं बघत बसले.

"पण जागा मिळाली त्यांना," ते म्हणाले. "अडीच तासांत पोचतील. मला अठरा तास लागले होते."

"हो. पण पैसे नसते तर?"

"तेच तर," बाबा म्हणाले. "मला त्या रात्री तिप्पट मागितले असते, तर मी गेलो नसतो."

मी रोज जी कोड लिहितो, त्यातही कुठे ना कुठे 'लवकर येणारा' आणि 'उशिरा येणारा' असे दोन खण असतात. दुसर्‍या खणात कोण असतं, हे मी आजवर कधी विचारलं नव्हतं. त्यात आळशी असतात, माझ्यासारखे 'आरामात' वाले असतात. आणि ज्यांना पहाटे फोन आलाय, तेही असतात. यंत्रणेला ते सगळे सारखेच दिसतात. रेल्वेच्या जुन्या खिडकीलाही दिसायचे, पण तिला काही विचारायचंच नव्हतं.

असो. माद्रिद आलं. बाईंची पिशवी बाबांनी उचलून फलाटावर ठेवली. त्यांनी 'ग्रासियास' म्हटलं, बाबांनी हात जोडले, आणि त्या गर्दीतून जवळजवळ पळतच निघून गेल्या.